रवळनाथाची ना हरकत

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
सागरछाया विमा कंपनी, जामसंडे शाखा.

अर्जदार : श्री. गुरुदास गणपत मिठबावकर, मु. सडेवाडी, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग.

विषय : कु. भार्गवी हिचा विद्यार्थी अपघात विमा, देवाची ना हरकत मिळालेली असल्याने, आता तरी देणेबाबत.

संदर्भ : आपले त्रुटीपत्र, आणि त्या त्रुटीच्या पूर्ततेत त्रुटी काढणारे आपले दुसरे त्रुटीपत्र.

महोदय,

१. अर्जदाराची एकुलती एक मुलगी भार्गवी कोल्हापुरास शिकायला निघाली आहे. विम्याचा कागद पाहिल्याखेरीज वसतिगृह खोली देत नाही आणि खोलीची मुदत येत्या सोमवारी संपते. हे आपणांस पूर्वीही कळवले आहे. आपणांस वाचता येते, असे गृहीत धरून पुन्हा कळवण्यात येत आहे.

२. आपल्या छापील अर्जात "विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेसाठी आधी केलेली व्यवस्था" असा रकाना आहे. अर्जदाराने तेथे खरे ते लिहिले, की ग्रामदेव रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले आहे. गुरवाने भार्गवीसाठी "ह्या चेडू घाटार शिकाक जाता, तेच्या वाटेत काय वाकडानाकडा आसात ता दूर कर रे महाराजा" असे म्हटले व जमलेल्या सर्वांनी "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा दिला. अर्जदार हे लिहिणार नव्हता. परंतु त्याची पत्नी सौ. दुर्गा हिने बजावले, "देवाक सांगान झाला आसा. ता कागदार लपवलात तर देव काय म्हणतलो?" आपण काय म्हणाल, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही, आणि ते योग्यच झाले.

३. त्यावर आपल्या कार्यालयाने अक्कल पाजळली ती अशी : जबाबदारी अन्य पक्षाने आधीच घेतलेली असल्याने सदर पक्षाचे ना हरकत पत्र जोडावे. सदर पक्ष म्हणजे रवळनाथ. हे पत्र लिहिणारा, टंकणारा आणि सही करणारा, यांपैकी एकालाही हसू फुटले नाही, याचे अर्जदारास नवल वाटते.

४. तरीही अर्जदार मुलीचा बाप आहे, म्हणून तो देवळात गेला. गुरवाने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. उजवी पडली. देवस्थानात सकाळी विचारले आणि सकाळीच निकाल मिळाला. देव जेवायला गेलेला नव्हता आणि त्याचा सर्व्हरही डाऊन नव्हता. ती पाकळी गुरवाच्या लेखी दाखल्यासह अर्जदाराने आपल्या टेबलावर ठेवली. आपण ती पेनाच्या टोकाने बाजूला सारलीत आणि "शिक्का नाही" असा शेरा मारून दुसरे त्रुटीपत्र दिलेत.

५. भार्गवीने कोल्हापूरच्या वाटेवरचा फोंडाघाट आजवर एकटीने ओलांडलेला नाही. एस.टी. चढणीला लागली की ती अजून आईचा हात धरते. अर्जदाराचा जीव थाऱ्यावर नाही, हे लिहायला त्याला लाज वाटत नाही. त्यात आपल्या एजंटाने घरी येऊन, आमचाच चहा पीत, जिना, गिझर आणि रस्ता यांनी पोरीचे काय काय होऊ शकते ते साग्रसंगीत ऐकवले. तेव्हापासून दुर्गा मुलीची बॅग भरते आणि पुन्हा उपसते. भीती घालायला आपला माणूस घरपोच येतो. इलाज मागायला मात्र आम्ही यायचे, आणि आपण शिक्का मागायचा.

६. सबब, सोमवारपूर्वी पॉलिसी द्यावी. अथवा रवळनाथाचा शब्द आपल्या कंपनीस अमान्य आहे, असे आपल्या सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. ते पत्र देवळात गावासमोर मोठ्याने वाचण्यात येईल.

७. काहीही लपवू नये म्हणून कळवण्यात येते, की त्याच सकाळी दुर्गाने दुसरा कौल लावून घेतला. पोरीवर प्रसंग आला तर ही कंपनी धावून येईल का, एवढेच तिने विचारले. डावी पाकळी पडली. तेव्हा मुलीच्या रक्षणासाठी पॉलिसी मागितली जात आहे, असा आपला गैरसमज नसावा. ती वसतिगृहाला दाखवायला हवी आहे. रक्षणाची व्यवस्था झालेली आहे.

नाइलाजाने आपला नम्र,
गुरुदास गणपत मिठबावकर
दि. १० जुलै २०२५

सहपत्रे :
१. आपली दोन्ही त्रुटीपत्रे.
२. गुरवाचा दाखला.
३. उजवी पाकळी, सुकलेली. (डावी पाकळी, मागणी केल्यास, समक्ष दाखवण्यात येईल.)