शेवटचे दोन भाग

आई, येत्या रविवारी शेवटचे दोन भाग आहेत आणि ते ताईला वाचून दाखवायची मला भीती वाटते आहे. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली, तेव्हा कसले भाग आणि कसलं वाचन हे आधी सांगायला हवं. ताई म्हणजे सिरसाळ्यातल्या आपल्या शेजारच्या काकूंची लेक, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आता ती अंबाजोगाईत माझ्याच गल्लीत राहते, एका खोलीत, ब्लाउज शिवून स्वतःचं भागवते. मी जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवते. रविवारी दुपारची जेवणं उरकली की ती हुकांची डबी आणि अर्धवट ब्लाउज घेऊन माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी कोरियाच्या मालिका बघतो. होय, कोरियाच्या. परळीच्या पलीकडे आपण फारसं कधी गेलो नाही, आणि आता माझ्या बाहेरच्या खोलीत त्या देशातल्या गल्ल्या, जिने, स्वयंपाकघरं दिसतात. हिंदी आवाजातल्या मालिका लावून पाहिल्या होत्या, पण चाळिशीच्या बाईला शाळकरी पोरीचा आवाज आणि हिरोला निवडणुकीच्या रिक्षावरचा, ते दहा मिनिटंही सोसवेना. त्यामुळे बोलणं त्यांच्याच भाषेत चालतं आणि खाली हिंदीत अक्षरं येतात. ताईला इतकं झरझर वाचता येत नाही, म्हणून मी ते आपल्या बोलीत करून वाचते. तिच्या उजव्या बाजूला बसून, कारण डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही.

या मालिकांनी माझं डोकं किती उठतं ते काय सांगू. दोन माणसं एकमेकांवर जीव टाकतात, एक वाक्य बोलून टाकलं तर सगळं मिटेल, पण ते वाक्य बारा बारा भाग घशातच अडकलेलं. मी इकडून ओरडते, 'बोल की बाई आता!' कोण ऐकतंय. तो श्रीमंत हिरो मुलीचं मनगट धरून तिला ओढत नेतो तेव्हा ताई हातातली सुई त्याच्यावर रोखून म्हणते, 'हात सोड म्हनावं आदी त्याला.' आणि जो खरोखर चांगला, वेळेला धावून येणारा, तो दुसरा मुलगा, त्याच्या नशिबी कायम पावसात छत्री धरून उभं राहणं. आम्ही दोघी दर वेळी त्याच्या बाजूने असतो आणि दर वेळी हरतो. श्रीमंत सासू तर हॉटेलात बसून सुनेच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ताई कळवळून म्हणाली, 'अगं पानी कावून फेकती ही? शिव्या दे की.' आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे त्या सासूवर आमचा राग जरा जास्तच. पण माझा सगळ्यात मोठा राग शेवटच्या भागावर असतो. पंधरा भाग गुंता करायचा, आणि शेवटी पडद्यावर 'एक वर्षानंतर' अशी अक्षरं आणून सगळ्यांना हसत जेवायला बसवायचं. पायऱ्या गाळून नुसतं उत्तर लिहिलं तर मी पोरांचे मार्क कापते. तरीही नवी मालिका लावताना दर वेळी वाटतं, या खेपेला तरी कुणीतरी नीट सोडवलं असेल.

सध्याच्या मालिकेतली बाई सासरच्या छळाला कंटाळून नवव्या भागात घर सोडते. एका अरुंद बोळात छोटी खानावळ टाकते, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात रस्सा उकळते. ताईला ते पातेलं फार आवडतं. कोरियातलं ते पातेलं बघताना ती हातातलं काम विसरते आणि म्हणते, 'बग, जमलं हिला.' जमलंच होतं. मग चौदाव्या भागात सासू आजारी पडली. सासू आजारी पडली की पुढे काय होतं ते मला पाठ आहे.

तुलाही ते पाठ होतं. आडतीवरचे तुझे बुधवार आठवतात का? पत्र्याच्या शेडखाली तुम्ही दहाबारा जणी तूर चाळत, निवडत बसायचात. हात कामात, कान रिकामे. मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर ती हिंदी मालिका लागायची, आपल्याकडे वडिलांनी आणलेला जुना टीव्ही होता आणि बाकीच्यांकडे नव्हता, त्यामुळे बुधवारी सगळ्या जणी तुझ्याभोवती जागा धरायच्या. शाळा सुटल्यावर मी तिथेच येऊन पोत्यावर बसायचे. 'मंग काय,' तू चाळणी हलवत म्हणतेस, 'सासू म्हनली, निघ माज्या घरातून. आन ही बी काय कमी न्हाई. पदर सावरला आन म्हनली, निघते, पर माजं सामान मीच भरनार.' त्या मालिकेत कुणी असं बोलल्याचं मला आठवत नाही. गोष्ट ऐन रंगात आली की लाईट जायची, आणि तू अंधारातच भाकरी थापत मला विचारायचीस, 'आता काय झालं असंल गं?' तवा उतरेपर्यंत तुझं ठरलेलं असायचं आणि बुधवारी बायकांना ते ऐकायला मिळायचं. एकदा तू मारून टाकलेला सासरा पुढच्या मंगळवारी खुर्चीत बसून चहा पिताना दिसला, तर तू शांतपणे सांगितलंस, 'त्यो त्याचा जुळा भाऊ हाय, मुंबईचा.' कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं. मी तुला म्हटलं, तू खोटं सांगतेस. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'खोटं कावून? लाईट असती तर जे दिसलं असतं, ते सांगते.'

पण त्या एका मंगळवारी लाईट गेली नव्हती. आपण दोघींनी सगळा भाग बघितला. माहेरी आलेल्या त्या सुनेला बापाने रडत रडत परत धाडलं, तिने सासूचे पाय धरले, सासूने तिला उराशी घेतलं, पेढे वाटले. त्या वेळी ताई चार महिन्यांपासून माहेरी आलेली होती. अंगावरचे वळ लपवायला उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची. गल्लीतली जाणती माणसं काकांना सांगत होती की लेक किती दिवस घरात ठेवणार, आणि काकू दोन्ही बाजूंनी ओढल्या जात होत्या. बुधवारी आडतीवर त्या तुझ्या समोरच बसल्या होत्या. तू तूर निवडत सांगायला लागलीस, 'सासरची मान्सं न्यायला आली. बाप दारात हुबा राह्यला. म्हनला, ही पोरगी मला जड न्हाई. घरात भाकर एक आसंल तर आर्दी तिची.' काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पुढचे तीन बुधवार तू त्या सुनेला माहेरीच ठेवलंस, तिला शिवण शिकायला घातलंस, तिच्या हातात कात्री दिलीस. टीव्हीवर ती तिकडे सासूचे केस विंचरत होती. आणि काकू परळीच्या शिवण क्लासची चौकशी करू लागल्या होत्या.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हापशावर मी घागर घेऊन उभी होते, बारा वर्षांची. त्याच आठवड्यात गुरुजींनी फळ्यावर केलेली चूक मी दाखवली होती आणि सगळ्या वर्गासमोर त्यांनी माझं कौतुक केलं होतं, त्या तोऱ्यात होते. काकू दांडा हापसत हळूच म्हणाल्या, 'तुमच्या घरी टीव्ही हाय म्हनून इच्यारते. खरंच त्या बापानं ठिवून घेतलं का गं पोरीला?' आणि मी सांगितलं, 'न्हाई काकू. ती तर कवाच परत गेली. सासूनं जवळ घेतलं तिला. आई आपल्या मनानं सांगती.' त्यांची घागर भरून वाहायला लागली तरी त्या हापसतच राहिल्या. आठ दिवसांनी नवं लुगडं देऊन ताईला सासरी, वडवणीच्या एसटीत बसवून दिलं. तू दारात उभी राहून धुरळा खाली बसेपर्यंत बघत राहिलीस, आणि आत येऊन म्हणालीस, 'कुनी सांगितलं आसंल गं तिला?' गावात दुसरा टीव्ही गुरुजींकडे होता. त्यांची बायकोच असणार, असं तूच ठरवलंस. मी भाकरी कुस्करत राहिले. तू त्या बाईंशी बोलणं टाकलंस ते कायमचं. तुला नेलं त्या दिवशी त्या आल्या होत्या, पण आपल्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

आडतीवर बायका विचारत राहिल्या, मंग काय झालं? तू दर बुधवारी एकच उत्तर द्यायचीस, 'लाईट गेलती.' हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. नऊ वर्षांनी ताई एकटीच एसटीतून उतरली, डाव्या कानात कापूस घालून. नवऱ्याच्या हाताने तो कान गेला होता. तेव्हा मी डी.एड. करून घरी आले होते. तू तिच्यासमोर ताट ठेवलंस, काही न विचारता उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलीस, आणि मगच बोलायला लागलीस. कुठे बसायचं ते मी तिथे शिकले. मला तेव्हा तुझ्यासमोर बसवेना आणि तिच्यासमोरही.

गेल्या रविवारी चौदावा भाग होता. मी तो आधीच बघून ठेवलेला, शनिवारी शाळेतून आल्यावर शेवटपर्यंतचे सगळे भाग चोरून बघितले होते. दवाखान्यात त्या बाईने सासूच्या खाटेपाशी उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला. खाली अक्षरं आली की चूक माझीच होती, मला माफ करा. आणि मी, जिला चुकीचं उत्तर सहन होत नाही ती मी, वाचलं, 'तब्येतीला जपा. मी आता येनार न्हाई.' ताईचा टाका घालता घालता हात थांबला. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, 'मास्तरीनबाई, हे तितं लिवलंय का तुजी आई बोलली?'

'लिहिलंय,' मी म्हटलं.

ती हसली. मग दातांत धरलेला हुक काढून ब्लाउजला लावला, आणि म्हणाली, 'तुज्या आईनं त्या बापाचं सांगितलं हुतं ना आडतीवर, ते माज्या आईनं घरी येऊन बाबाला सांगितलं. मी आतून ऐकलं. मला धाडताना आई म्हनली की ते खोटं हाय, टीव्हीतली बी परत गेली म्हनं. कुनी सांगितलं ते तिनं मरंस्तवर सांगितलं न्हाई. पर मला तुज्या आईचंच खरं वाटलं बग. तितं नऊ वर्षं तेच धरून ऱ्हायले. माजा बाप तसं कदी म्हनला न्हाई. पर कुनाचा तरी म्हनला हुता.' आणि एवढं बोलून तिने दोरा तोडला आणि विचारलं, 'आता फुडं काय हुतं गं?'

पुढे काय होतं ते मला माहीत आहे. ती बाई खानावळीला कुलूप लावते, सासरी परत जाते, सासू बोटातली अंगठी काढून तिला देते, आणि मग अर्थातच एक वर्षानंतर, मांडीवर बाळ. अक्षरं मी बदलीन, पण चित्र तर ताईला दिसणारच. तिचे डोळे अजून सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात. ती बाई त्या घराच्या पायऱ्या चढेल तेव्हा मी काय सांगू, ही तिची जुळी बहीण आहे, मुंबईची? तू असतीस तर सांगितलं असतंस, आणि ताईने मानलंही असतं. मला तुझ्यासारखं येत नाही. काकूंनी मला जन्मभर सांभाळून घेतलं, हे मला गेल्या रविवारी कळलं. रस्त्यात भेटल्या की माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, मला वाटायचं मी हुशार म्हणून. तेव्हापासून शाळेत फळ्यावर उत्तर लिहून खाली 'बरोबर' असं लिहायला गेले की हात अडतो.

तुला हे पोचणार नाही, ते मला कळतं. लिहून झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तर लक्षात आलं की हे पत्र खरं ताईचं आहे. तिची खोली इथून चार घरं सोडून आहे, तिकीटही लावायला नको. पण एवढं लांबलचक तिला स्वतःला वाचता यायचं नाही. मलाच ते वाचून दाखवावं लागेल, तिच्या उजव्या बाजूला बसून. आणि हापशाची जागा आली की तिथे लिहिलंय तेच मी वाचेन, याची मला खात्री नाही.