राजवाड्यातला कूड

नाशिक,
१९ जानेवारी २०२५

प्रिय बाळीबाय हिस,

सुकरीचा नमस्कार. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण जिना चढते उतरते. तुझी कंबर कशी आहे? चंदूबरोबर पाठवलेली रबरी पिशवी वापरतेस का? पाणी फार कढत भरू नकोस, कातडी भाजेल. तू पाठवलेलं नागलीचं पीठ मी पुरवून पुरवून खाल्लं. शेवटची भाकरी परवा केली. चुलीवरची चव गॅसवर येत नाही, पण वास येतो. तेवढ्यावर भागवलं.

हे पत्र हर्षदा तुला वाचून दाखवेल. फोन करून सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे रेंज मिळते ती टेकडीवर, आणि तिथे तुझ्यामागे अर्धा पाडा उभा असतो. शिवाय फोनवर मला रडू फुटलं असतं आणि मी दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला असता. मला स्वतःची ही खोड आता ठाऊक झाली आहे.

हर्षदा बाळ, आजीला अंगणात नको, आत बसव. चहा आधीच करून दे.

मागच्या शनिवारी मी जव्हारला येऊन गेले. तुला कळवलं नाही. रागावू नकोस. आमच्या शाळेतल्या निवृत्त बायकांची सहल होती, सकाळी निघून संध्याकाळी परत. राजवाड्यात आता चित्रांचं दालन केलं आहे, माहिती सांगायला माणूस असतो. आठवतं, बाबा बाजाराच्या दिवशी आपल्याला कुंपणाबाहेरून राजवाड्याचे घुमट दाखवायचा? म्हणायचा, "बघून घ्या, बघायला कोणी मना करत नाही." यावेळी मी तिकीट काढून पुढच्या दाराने आत गेले. काजूची झाडं तशीच आहेत.

माहिती सांगणारा तुषार नावाचा मुलगा, मोखाड्याचा. वय असेल पंचवीस. फार गोड बोलतो. बैठकीच्या दालनात राजेसाहेबांची मोठमोठी तैलचित्रं आहेत. तो म्हणाला, "फोटो काढा, पण फ्लॅश नको. महाराज शंभर वर्षं डोळे न मिटता बसलेत, त्यांना त्रास होतो." बायका खूप हसल्या. मग आरसे, शिकारीची चित्रं, परदेशातून आलेली काचेची झुंबरं. एका चित्रात राणीसाहेबांच्या हातातलं गुलाबाचं फूल इतकं हुबेहूब होतं की आमच्या साठेबाईंनी वाकून वास घेतला. मी पण हसले. त्या वेळेपर्यंत माझा दिवस चांगला चालला होता.

शेवटचं दालन आदिवासी कलेचं. बाकीच्या बायका एव्हाना चहाच्या चौकशीला लागल्या होत्या. साठेबाई म्हणाल्या, "हे तर आमच्या सोसायटीच्या गेटवर पण काढलंय." तुषारने ऐकलं आणि जरा दुखावून म्हणाला, "मावशी, गेटवरचं रंगाऱ्याचं असतं. हा लग्नाचा चौक आहे. हा सवाशिणींनीच काढायचा. ज्या बाईचा नवरा जिवंत, तिचाच हात लागायला हवा. चौक नाही तर लग्न नाही."

काचेच्या मागे अख्खा कूड होता, बाळीबाय. करवीच्या काड्या, शेणमाती, वर गेरू, वर पांढरा चौक. एक कोपरा ढासळलेला, तो त्यांनी सिमेंटने बुजवलाय. मधे पालघट देवी, बाजूला चंद्र, सूर्य, फणी, शिडी. मी नेहमीसारखी बघत होते, शिक्षिका बघते तशी. मग खाली उजव्या हाताला नजर गेली.

तिथे एक झुडूप आहे. पाच फांद्यांचं, बुटकं, कशाशीच न जुळणारं. तुषार म्हणाला, "हे झुडूप कुठलं ते अजून कोणाला ओळखता आलं नाही."

मी ओळखलं. तो चंदूचा पंजा आहे.

आठवतंय तुला? दीड वर्षाचा होता. तांदळाच्या पिठाच्या वाटीत हात घालून त्याने ओल्या गेरूवर थाप मारली. लग्न लावायला आलेली धोंडीबाई धवलेरी ओरडली, "अगे, पोराने देवीचा चौक बिघडवला!" आणि तू पोटभर हसलीस. बांबूची काडी दातात चावून टोक मऊ केलंस आणि त्या पंजाला खोड काढलंस, पानं काढलीस. म्हणालीस, "बिघडला कुठं? झाड उगवलं."

हर्षदा, तो तुझ्या बापाचा हात आहे. राजवाड्यात काचेमागे आहे.

म्हणजे तो माझ्या लग्नाचा चौक. तुषारने सांगितलं, कोणी एका चित्रकलेच्या शिक्षकाने तो त्याच साली पावसाळ्याआधी वांगणीकडच्या एका पाड्यावरून आणला, आणि मग कित्येक वर्षं गोदामात पडून होता. मी दिवाळीला माहेरी आले तेव्हा मधला कूड नवा होता. बाबाला विचारलं तर म्हणाला, वाळवी लागली. आपला बाबा माघ्या कधी खोटं बोलला नाही असं मी लोकांना सांगत आले. तेवढं एक बोलला. तुझ्या डोळ्यांसमोरून तो चौक जावा म्हणूनच त्याने तो देऊन टाकला असणार.

खाली पाटी आहे. "विवाहचौक. कलाकार: अज्ञात."

मग तुषारने काठीने एक माणूस दाखवला. चौकटीच्या बाहेर, वाटेवर, खांद्यावर कावड, मागे शेपटी वर केलेलं कुत्रं. म्हणाला, "आणि हा बघा, आमच्या भागाचं दुःख. लग्नघर सोडून हा माणूस कामाला निघालाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. तो जात नाहीये, येतोय."

"कशावरून मावशी?"

"पाय बघ. पाय घराकडे आहेत."

तो खाली बसून बघू लागला. म्हणाला, "खरंच की! मी वर्षभर लोकांना उलटं सांगतोय." मग वर बघून विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "असंच. गुडघे दुखतात म्हणून माझं लक्ष पायांकडे जातं."

असं म्हणाले मी. तुझं नाव घेतलं नाही. माझ्या बहिणीने काढलाय, तो माणूस तिचा नवरा जिव्या आहे, हे म्हटलं नाही. बस निघाली तेव्हा सगळ्या जणी गाणी म्हणत होत्या आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आता पुढचं लिहायला मी दोन दिवस घेतले आहेत.

तू तो माणूस काढलास तेव्हा मी शेजारी हळद लावून बसले होते. मी विचारलं, हा कोण? तू म्हणालीस, "चंदूचा बापूस. रेतीवरून निघाला असेल. येल तो, लग्नाला चौकावरचं फडकं काढायच्या आत येल." तो बुधवार होता.

बाळीबाय, सोमवारीच मला माहीत होतं.

सोमवारी मी जव्हारच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेले होते. टपालवाल्याने पाड्याचं टपाल नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिलं. अख्ख्या पाड्यात वाचता मलाच येत होतं. एक पोस्टकार्ड तुझ्या नावाचं होतं, रेतीबंदरावरच्या मुकादमाने लिहिलेलं. "जिव्याचा ताप उतरत नाही. दवाखान्यात ठेवला आहे. रोज बायकोचं नाव घेतो. बाळीला लगेच पाठवा, पोराला बरोबर आणा." एवढंच. मी ते डेपोच्या भिंतीला टेकून तीनदा वाचलं. पाड्याकडची दुपारची गाडी लागलेली होती. मी धावत घरी येऊन सांगितलं असतं तर तू मंगळवारी सकाळी त्याच्याजवळ असतीस.

मी ते कार्ड पोलक्यात घातलं आणि घरी येऊन तुला बांगड्या दाखवल्या.

मी स्वतःला तेव्हा काय सांगितलं तेही लिहिते, कारण आता अर्धं सांगण्यात अर्थ नाही. म्हटलं, ताप आहे, उतरेल. म्हटलं, चारच दिवस. पण खरं हे की तू गेली असतीस तर लग्न थांबलं असतं. आमच्या मास्तरांना, म्हणजे नवरदेवाला, नाशिकहून चार दिवसांची रजा होती, आणि त्यांच्या घरच्यांना पाड्यावरची मुलगी आधीच नको होती. मला पाडा सोडायचा होता. बोर्डिंगातून आल्यापासून मला तो धूर, ते हंडे, सगळं नको झालं होतं. आणि मला चौक तुझ्याच हातचा हवा होता. तुझ्यासारखी देवी कोणालाच जमत नव्हती.

तो बुधवारी गेला. तू त्याचे पाय घराकडे काढत होतीस तेव्हा गेला. शुक्रवारी संध्याकाळी, लग्न लागून गेल्यावर, बंदरावरचा माणूस चालत आला. लोकांनी एक दिवस वाट बघून त्याला खाडीच्या काठी पोचवलं होतं. तू तिथे गेलीस ती राख बघायला. परत येऊन मला एवढंच विचारलंस, "मुकादम बोलतो कार्ड धाडलं होतं. तुला गावलं नाही?" मी म्हटलं, "टपाल कधी वेळेवर येतं का, बाय."

त्या बिचाऱ्या टपालवाल्याला तू आयुष्यभर पाणी विचारलं नाहीस.

एवढं करून मी थांबले असते तरी कमी होतं. पण मग पाड्यावर लोक बोलायला लागले, की चौक काढताना हिचा नवरा मरत होता, म्हणजे रांडेचा हात लागला चौकाला. मला मूल झालं नाही तेव्हा तर धोंडीबाईने तुझ्या तोंडावर म्हटलं, "तुझ्या चौकाने पोरीची कूस वांझ केली." तू ते खरं मानलंस. काडी टाकलीस ती टाकलीस, सणासुदीचं साधं चित्रही काढलं नाहीस. चंदूच्या लग्नात सवाशिणींनी चौक काढला तेव्हा तू बघायलाही आत आली नाहीस, गोठ्याशी बसून राहिलीस. तीन वर्षांपूर्वी मास्तर गेले तेव्हा तू एवढा प्रवास करून नाशिकला आलीस आणि दारातच उभी राहिलीस. मी आत बोलावलं, तर म्हणालीस, "माझे पाय नको तुझ्या घरात. माझ्या हाताने आधीच पुष्कळ झालंय."

मी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. तू उंबऱ्याबाहेर पाणी प्यायलीस आणि एसटीने परत गेलीस.

तुझ्या हाताने काही झालं नाही, बाळीबाय. तुझा हात लागला तेव्हा तू सवाशीण होतीस की नव्हतीस, हे देवीला ठाऊक. पण तुला चौकापाशी बसवून ठेवलं ते मी. मूल झालं नाही त्याचं कारण नाशिकच्या डॉक्टरने आम्हाला कधीच सांगितलं होतं, मास्तरांच्या तब्येतीत होतं. मी तेही तुला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की चौकाचा विषय निघाला असता, आणि चौकाचा निघाला की कार्डाचा.

बोर्डिंगात मोठ्या सिस्टरचा एक नियम होता. मुलींची पत्रं त्या कधी फोडायच्या नाहीत. म्हणायच्या, ज्याच्या नावाचं पत्र, त्याचं. शनिवारी ख्रिस्ती मुली पापाची कबुली द्यायला चॅपेलबाहेर रांगेत उभ्या राहायच्या. मी त्यांच्यातली नव्हते, म्हणून पायरीवर बसून रिबिनी गुंडाळायची आणि वाटायचं, या रोज शाळेत असतात, यांच्याकडे सांगण्यासारखं असतं तरी काय? आता त्या रांगेची मला फार आठवण येते.

परवा मी तुषारला फोन केला. म्हटलं, चौक कोणी काढला ते मला माहीत आहे. तो इतका खूश झाला! म्हणाला, "सांगा ना मावशी, पाटी बदलून घेऊ. पण काढणाऱ्यांचा होकार पाहिजे." मी म्हटलं, तिला विचारून कळवते. त्याचा नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. नाव द्यायचं की नाही ते तू ठरव, आणि फोन हर्षदाला करायला सांग. मला मधे घेऊ नकोस. तुझा निरोप माझ्या हातातून जाऊ नये असं मला वाटतं.

नाव दे किंवा देऊ नकोस, पण एकदा राजवाड्यात जाऊन ये. पुढच्या दाराने जा. जिव्याच्या पायांना काही झालेलं नाही. ढासळला तो दुसरा कोपरा.

हर्षदा, आता तुला. हे वाचताना मधेच तुला आजीकडे बघवणार नाही, आणि वाटेल की एवढं एक पान गाळावं, म्हाताऱ्या जिवाला कशाला त्रास. मी तेव्हा तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होते आणि मला अगदी असंच वाटलं होतं. एकही ओळ गाळू नकोस. गाळली असशील तर मागे जा आणि वाच.

बाळीबाय, तुझ्याकडे क्षमा मागायची हिंमत मला नाही, म्हणून मागत नाही. तू यापुढे माझ्या नावाने पाणी सोडलंस तरी तो तुझा हक्क आहे. फक्त हात धू. त्या हाताला लागलेलं माझं होतं.

ते पोस्टकार्ड मी टाकलं नव्हतं. बोर्डिंगातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं, जिथे मास्तरांनीही कधी बघितलं नाही. शाई उडाली आहे, पण तुझं नाव वाचता येतं. या पाकिटात तेही आहे. बेचाळीस वर्षं होत आली, तुझं टपाल तुला पोचतं करते.

तुझं कार्ड ठेवून घेणारी,
सुकरी