सारसाची एकच जोडी

१९ जुलै १९५६
मी सांगते, सून कौसल्या लिहिते. ती चौथी पास. माझ्याजवळ अक्षर नाही, तोंड आहे.
रोपं लावून रोवणा संपला. सारसाच्या जोडीनं आमच्या शेतातल्या बांधीत ठाण मांडलं. धानाची रोपं उपटून मधोमध घरट्याचा ढीग. लेक गंगाराम काठी घेऊन निघाला. म्हटलं, "काऊन रे? त्यायचं घर तूच मोडलं ना?" तळ्याकाठचं गवत, जंगली धान तोडून सगळ्या गावानं बांध्या काढल्या. आम्हीही. पहिले इतके सारस होते की सकाळी झोपू देत नव्हते. आता ही एकच जोडी.
काठी परत कोपऱ्यात.

२ ऑगस्ट
दोन अंडी. नर एक लांब हाक मारतो, मादी लगेच दोनदा उत्तर देते. आमच्याही घरी हीच रीत होती. बुढा एक बोलायचा, मी दोन. (कौसल्या हसून राहिली. लिही, हसू नको.)
मी नवरी होते तेव्हा सासूनं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं करून जोडी दाखवली. मी कौसल्येला दाखवली. वैशाखात नातसून येईल, तिला दाखवीन.

१७ ऑगस्ट
तीन दिवस झड. पाणी घरट्याच्या काठाला. म्हटलं, धुरा फोड, अंडी बुडतील.
"माय, ते ढीग उंच करून राहिले. पाह्य ना."
"तू मले शिकवून राहिला?"
फोडला. संध्याकाळपर्यंत बांधी कोरडी.

१८ ऑगस्ट
चिखलात कोल्ह्याची पावलं, सरळ घरट्यापर्यंत. टरफलं.
ते पाणीच त्यांचं कुंपण होतं. जन्म चिखलात गेला आणि एवढं कळलं नाही.
गंगाराम फावडं घेऊन धुरा बुजवायला गेला. बोलला असता तर भांडता आलं असतं.

६ सप्टेंबर
पोळा झाला. जोडी नाही. कौसल्या म्हणते, दुसऱ्या तळ्यावर गेली असेल. कोणत्या? अर्जुनीच्या बाजारात माहेरची बाई भेटली, तिला विचारलं. "आमच्याकडचे तं कधीचेच गेले वो." भाजी घेतली, परत आले.

१४ मे १९५७
नातसून आली. पार्वती. धुऱ्यावर नेलं. तळं आटलेलं.
"आजी, काय पाहू?"
"जागा पाहून ठेव."
"रिकामं तळं माह्या माहेरीबी आहे."
जीभ तिखट आहे. घरात शोभेल.

२ जुलै
गंगारामला सांगितलं, तळ्याकडचा कोपरा रोवू नको. गवत वाढू दे.
"पाखरायसाठी? अन् नाही आले तं?"
"तं नाही आले."
उठून गेला. हो म्हणाला की नाही, कोण जाणे.

२५ जुलै
रोवणा झाला. कोपरा सोडला आहे. धुरा लिंपून पक्का, पाणी गुडघाभर. त्याला कोणी हात लावायचा नाही. मी तर मुळीच नाही.

८ ऑगस्ट
सकाळ. चुलीवर पेज चढवलेली. तळ्याकडून एक लांब हाक आली.
पार्वती धावत बाहेर. "आजी, हेच?"
"हे अर्धं."
गंगाराम बैलांच्या घुंगरांवर हात ठेवून उभा आहे. उत्तर अजून नाही. कौसल्या, लिहिणं थांबव, कागद वाजते