डाव्या खुर्चीतली ओदील

बिलॉक्सी, २ सप्टेंबर

ती. बाबांना,
ओदीलचा नमस्कार आणि गळ्यात पडून घट्ट मिठी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र. बातमी मोठी आहे. येत्या चक्रीवादळापासून विमानातली डावी, कप्तानाची खुर्ची माझी! सहा वर्षं उजवीकडे बसून दुसऱ्यांचे हुकूम ऐकले, आता हुकूम मी सोडणार. आम्ही विमान घेऊन थेट वादळात शिरतो. भांड्यांच्या कपाटात कोंबून कुणी ते कपाट गदागदा हलवावं, तशी गत होते. मग एकदम आपण वादळाच्या मधोमध, डोळ्यात पोचतो, सगळं शांत आणि वर निळंभोर आकाश. तिथे आमचा हवामानवाला न चुकता सँडविच काढतो.

आता मुद्द्याचं. यंदा गाव सोडायचा हुकूम आला तर लाफायेतला सोलांजआत्याकडे जायचं. जायचं म्हणजे जायचं!

तुमची लाडकी (आणि तुमच्यावरच गेलेली)
ओदील


बायू सेरीझ, ७ सप्टेंबर

चि. ओदीलला,
बापाचे आशीर्वाद आणि थोडा राग.

डावी खुर्ची मिळाली, जीव सुखावला. मोठं पातेलंभर गंबो रांधून समोरच्या उलीसला खाऊ घातला, कारण मात्र सांगितलं नाही. गावात मी सांगत असतो की पोरगी टपालाचं विमान चालवते. खरं सांगितलं तर लोक माझी कीव करतील.

आणि तू मला पळ म्हणतेस? तू वादळाच्या पोटात शिरणार आणि मी त्याच्या नावानं पळणार? वा गं वा! पाच वेळा हुकूम आला, पाच वेळा गाव पळालं, आणि वादळ गेलं टेक्सासला. खोलीत बसून नकाशावर रेघा मारायला या वेधशाळेवाल्यांचं काय जातं? जाऊन बघितलंय कुणी? मी जन्मभर कोळंबीची होडी चालवली आहे. माझं घर मी सोडणार नाही, विषय संपला.

लोभ ठेव, सल्ले तुझ्याकडेच ठेव.
अल्सीद, तुझा बाप


बिलॉक्सी, १० सप्टेंबर

ती. बाबांना,
नमस्कार. आज मिठी नाही.

जाऊन बघितलंय कुणी, असं विचारता? अहो, मी बघते! आम्ही आत जाऊन वारा मोजतो, त्यावरून त्या रेघा मारतात. नऊ वर्षांची असताना मी होडीच्या टोकावरून ओरडले की पुढे वाळू आहे, तर तुम्ही काही न विचारता सुकाणू वळवायचात. आता काय झालं?

आखातात एक वादळ उठलंय. परवा निघतो. ते तुमच्याकडे वळलं तर काय करू, सांगा.

काळजीत,
ओदील


लाफायेत, १९ सप्टेंबर

चि. ओदीलला,
अनेक आशीर्वाद. राग संपला.

पत्ता बघितलास ना? हसू नकोस.

गुरुवारी सकाळी रेडिओ टेक्सास-टेक्सास करत होता. निघा म्हणून सांगायला शेरीफचा माणूस आला, त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं. दुपारी जाळं दुरुस्त करत बसलो होतो, तर रेडिओवाला म्हणाला की विमान आत्ताच डोळ्यातून गेलं, वादळ वळलंय आणि आपल्यावर येतंय. सुई तशीच जाळ्यात खोचून उठलो. पोरगी तिथून ओरडत्येय आणि मी इथे वाद कुणाशी घालतोय?

होडी खाडीत आत नेऊन चार दोरांनी बांधली आणि दाराला कुलूप लावलं. ते उलीसनं बघितलं आणि बोंब ठोकली, अल्सीद निघाला, अल्सीद निघाला! अर्ध्या तासात चौदा घरं माझ्या ट्रकच्या मागे. पाद्रीसुद्धा! सगळे सुखरूप आहेत. पाणी माझ्या खिडकीपर्यंत चढलं. घर खांबांवरून उठून थेट उलीसच्या आवारात जाऊन बसलंय. तो म्हणतो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडे राहायला आलास. पोरी, तुझं खरं काम काय ते आता सगळ्यांना सांगून टाकलं. कीव कुणी केली नाही, बायकांनी माझेच मुके घेतले.

एक तक्रार मात्र आहे. त्या मेल्या रेडिओवाल्यानं वाऱ्याचा वेग सांगितला, पावसाचं सांगितलं, पण विमान बाहेर आलं की नाही, हे काही सांगितलंच नाही. रात्री सोलांजनं तुमच्या विमानतळावर फोन लावला तेव्हा तू परतल्याचं कळलं, मग घास उतरला. यापुढे पत्रात आधी बाहेर आल्याचं लिहायचं. नमस्कार-बिमस्कार मागून.

तुझा,
बाबा


बिलॉक्सी, २४ सप्टेंबर

ती. बाबा,

बाहेर आले.

नमस्कार.

ओदील