तोरिनोची गाडी

रोम,
ईस्टरनंतरचा मंगळवार

लाडक्या फिओरेन्झा,

तुम्ही दोघं खुशाल असाल. मीही मजेत. दुकान बरं चाललंय. लोकांना हल्ली न्हाणीघरातले नळसुद्धा सोनेरी लागतात. पाठ दुखते, पण ती आता घरचीच झालीय.

काल ईस्टरचा सोमवार, सगळं रोम सहलीला; मीही डबा घेऊन सम्राट काराकाल्लाच्या पडक्या स्नानगृहांकडे गेलो. आधी आत हिंडलो. त्या छप्पर नसलेल्या मोठ्या दालनात तुझी आई दरवर्षी म्हणायची, "बघ ओरेस्ते, सम्राटाचं न्हाणीघर तुझ्या दुकानापेक्षा मोठं, पण गरम पाण्याचा पत्ता नाही!" ती गेल्यावरचा हा पहिलाच ईस्टर. काल ते मीच मोठ्यानं म्हटलं. शेजारचा जर्मन पर्यटक जरा लांब सरकला.

मग बाहेर पाइनच्या झाडाखाली, नेहमीच्या जागी चादर अंथरली. अंडी, सलामी, रविवारचं उरलेलं कोकरू. सवयीनं चौघांचं बांधलं गेलं होतं.

पलीकडे एक कुटुंब बसलं होतं. माझे कान तुला ठाऊकच आहेत.

"म्हातारा एकटाच दिसतोय हो. आजच्या दिवशी!"

"मग बोलाव की. वाइन घेऊन ये म्हणावं, बाटली चांगली दिसतेय."

बाईनं हाक मारली, "आजोबा, या इकडे, जागा आहे!"

"नको बाई. माझी माणसं येतायत. मुलगी तोरिनोहून निघालीय."

आता एकदा असं सांगितल्यावर जेवायची पंचाईत! माणसं यायच्या आधी घास घेणारा बाप कसला? अन्न झाकून, टोपीखालून रस्त्याकडे बघत बसलो. गंमत अशी, की थोड्या वेळानं मी खरंच वाट बघायला लागलो.

उन्हं कलल्यावर त्यांनी आवरलं. जाताना बाई थांबली. "नाही आली का हो?"

"गाडी उशिरा आहे."

तिनं केकचा तुकडा माझ्या चादरीवर ठेवला. "तिला द्या. मे महिन्याच्या एक तारखेला आम्ही पुन्हा इथंच असतो, ताज्या शेंगा नि चीज घेऊन. तेव्हा आणा मुलीला." मी हो म्हणून बसलो.

ईस्टरच्या आधी फोनवर तू "येऊ का?" विचारलंस, मी म्हटलं, "उगाच कशाला दगदग." एरवी माझं काही ऐकत नाहीस, तेवढं बरं लगेच ऐकलंस!

केक कागदात गुंडाळून ठेवलाय. तुझा आहे, मी कसा खाऊ?

स्टेशनवर उभा राहायची तयारी असलेला,
तुझा बाबा