समक्ष ओळखतो

४ जानेवारी १९६४, मलकापूर
आलो एकदाचा! स्टेशनापासून कापसाच्या गाड्यांची ही भली थोरली रांग; कोट पांढरा करूनच खोलीवर पोहोचलो. घरमालकीण पुष्पाबाईंनी भाकरी वाढताना विचारलं, पुण्याच्या माणसाला आमचं तिखट झेपेल का. झेपलं नाही, पण कबूल कोण करतो!

काम सोपं आहे. इथल्या व्यापाऱ्यांनी एक फंड काढलाय. मागाल तेव्हा आमचा वाटा भरू, असं सभासदांनी लिहून दिलंय. त्या चिठ्ठ्यांच्या भरवशावर बँक फंडाला कर्ज देणार. मी बँकेचा वकील. सभासदाला भेटायचं, माणूस खरा असल्याची खात्री करायची आणि चिठ्ठीखाली दाखला लिहायचा, ‘यांना मी समक्ष ओळखतो.’

९ जानेवारी
गावातले सगळे झाले. उरले जानेफळचे अकरा. एसटीने तिकडे जायचं म्हणजे हाडं खिळखिळी. फंडाचे चिटणीस शेषराव म्हणाले, आपलीच मानसं हायेत, काऊन तरास घेता? मलाही पटलं. चहा येईपर्यंत अकरा चिठ्ठ्यांवरच्या निळ्या अंगठ्यांखाली ‘समक्ष ओळखतो’ लिहून मोकळा झालो.

१३ जानेवारी
भर दुपारी बाजारात एका म्हाताऱ्याने मला नावानिशी हाक मारली. अंगठा शाईने निळा. मी ओळखेना, तर त्याला वाईट वाटलं. म्हणाला, मी जानेफळचा उकंडराव. लेहून त देलं तुमी, अन् आता मले ओळखत नाई? जीव भांड्यात पडला. चला, एक तरी खरा निघाला.

१४ जानेवारी
बँकेतला कारकून जानराव जानेफळचाच. त्याला हे सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. उकंडराव पटकीच्या साथीत वारला, तेव्हा जानराव शाळेत होता. यादी दाखवली. अकराही त्याच साथीत गेलेले.

शेषरावाने स्वतःचाच अंगठा अकरा वेळा उठवला असणार. मग बाजारात भेटला तो कोण? दाखला रद्द करायला हवा. पण केला तर माझी वकिलीची सनद जाईल. उद्या बघू.

१७ जानेवारी
गप्प बसलो. कर्ज मंजूर झालं.
आज उकंडरावासकट अकराही जण उन्हात माझ्या दारासमोर बसलेत. काही मागत नाहीत. मी दिसलो की ओळखीचं हसतात. समोरून जानराव गेला. हाक मारली. परक्याकडे बघावं तसं बघून निघून—

१९ जानेवारी
बँकेत गेलो. दाखला खोटा आहे म्हणालो. सनद गेली तर जाऊ दे. मॅनेजरांनी विचारलं, आपण कोण? सनद पुढे केली. म्हणाले, तुम्हाला ओळखणारं कुणीतरी आणा.

२० जानेवारी
पुष्पाबाईंना विनवायला गेलो. पदर सावरून म्हणाल्या, कोन पाह्यजे भाऊ? इथं कोनी वकील राह्यत नाई.
रडलो. भीती वाटते— फार—

२१ जानेवारी
उकंडराव आत आलाय. कागद घेऊन. ‘यांना आम्ही समक्ष ओळखतो. हे आमच्यातलेच.’ खाली अकरा अंगठे, ओले. म्हणतो, आमच्याबिगर तुमाले आता कोन ओळखते?
बारावी जागा रिकामी— नाही करणार— सही नाहीच—
माझा अंगठा निळा— शाईला तर मी अजून हात—