कवितांची खोली

३ तारीख, सकाळी ८
अक्काचे डोळे गेलेच होते, आता पाठ असलेल्या ओळीही निसटू लागल्यात. म्हणून चार महिने ती फोनवर शाळेतल्या कविता म्हणत होती, मी टाईप करत होतो. एकशे सहा झाल्या! लेकीने पायथन या भाषेत लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्राम त्या अक्काला मोठ्याने वाचून दाखवणार. रविवारी तिचा वाढदिवस. माझं काम तासाभराचं.

३ तारीख, दुपारी
प्रोग्राम चालवायचा तो एडिटर म्हणतो, मॉड्यूल नावाचं काही हत्यार सापडत नाही. लेक म्हणाली, बाबा, तो भलताच पायथन धरून बसलाय. प्रत्येक प्रोजेक्टची स्वतःची एन्व्हायर्नमेंट असते, वेगळी खोली समजा, हत्यारं तिथेच असतात. खालच्या कोपऱ्यात क्लिक करून ती निवडा.
खोली! किती काव्यमय. कवितांची फाईल लगेच त्या खोलीच्या फोल्डरमध्ये हलवली. बिचारी बाहेर उघड्यावर पडली होती.

४ तारीख
खोली निवडली. तरी तेच रडगाणं. कॉम्प्युटर थकला असावा. त्याला विश्रांती दिली, मीही घेतली.

५ तारीख, सकाळी १०
निश्चय: लेकीला फोन करायचा नाही.

५ तारीख, १० वाजून ५
केला. ती मीटिंगमध्ये. कुजबुजत म्हणाली, बाबा, ती खोलीच बिघडलीय, पाडा नि नवी बांधा. आत आपलं काही नसतंच.
पाडली, म्हणजे अख्खा फोल्डर डिलीट केला. कचरापेटीही रिकामी केली. टापटीप माझ्या रक्तात आहे.

५ तारीख, सायंकाळी
नवी बांधली, निवडली. कोपऱ्यात नाव झळकलं. प्रोग्राम चालला! एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.
पडद्यावर: सापडलेल्या कविता ०.

६ तारीख
लेकीला सांगितलं. म्हणाली, बाबा, कविता त्या खोलीत कोणी ठेवल्या? सूर आवडला नाही. दुसरी प्रत आहे का, म्हणे. अहो, प्रत काढणं म्हणजे अविश्वास दाखवणं!
घाबरण्यासारखं काही नाही. निम्म्या मला येतात. उरलेल्या अक्का सांगेल. टायपिंगच्या चुकाही जातील.

७ तारीख, रविवार
पहाटेपासून बसून अडीच कविता.
अक्काला शुभेच्छा दिल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, ती नदीची कविता कशी सुरू होते गं? हसली. म्हणाली, वेड्या, मला काय विचारतोस? तू लिहून घेतल्यास म्हणून तर मी रोजचं घोकणं सोडलं. आता तू म्हण, मी ऐकते.
नदी दिसत होती. काठावरची झाडंसुद्धा. शब्द येईनात.
अक्का बराच वेळ ऐकत राहिली.